एक्यूआय शहराचा, धूर आणि हॉर्न आमच्या चौकाचा

फोनवर वेदरच्या खाली हवेचा आकडा येतो ना, एक्यूआय, तो बघायची आता बऱ्याच जणांना सवय लागलीय आणि ते चांगलंच आहे. पुण्यात पावसाळ्यात तो बहुतेक वेळा हिरवा असतो, थंडीत चढतो, मग आपण म्हणतो जाऊ दे, दिल्लीपेक्षा बरंय. पण मी सिंहगड रोडला राहते, म्हणजे अगदी रोडलाच लागून, पहिल्या मजल्यावर, सिग्नल बाल्कनीतून दिसतो, आणि मला आज एवढंच सांगायचंय की तो आकडा माझ्या खिडकीबाहेरच्या हवेचा नाहीये. तो कुणी खोटा दिलेला नाही, बरोबरच आहे, फक्त तो शहराचा आहे आणि आम्ही श्वास घेतो चौकात.

हे नीट समजून घ्यायला मला वेळ लागला म्हणून जरा सविस्तर लिहिते. पुण्याला या बाबतीत खरं तर मोठा मान आहे, पाषाणला आयआयटीएम ही हवामानाचा अभ्यास करणारी संस्था आहे आणि त्यांचीच ती हवा मोजणारी 'सफर' यंत्रणा, दिल्लीत २०१० च्या कॉमनवेल्थच्या वेळी सुरू झालेली आणि २०१३ मध्ये पुण्यात आलेली. पाषाण, लोहगाव, कात्रज, हडपसर, भोसरी अशी मोजणीची केंद्रं. आता अशी केंद्रं बहुतेक करून मुद्दाम थोडी बाजूला बसवतात, का तर त्या सगळ्या भागाची हवा कळली पाहिजे, एकाच सिग्नलचा धूर थेट यंत्रात गेला तर तो आकडा भागाचा राहत नाही. बरोबरच आहे. पण गाड्यांच्या धुरातले काही घटक असे आहेत की ते रस्त्याच्या कडेलाच सगळ्यात जास्त असतात, नायट्रोजन डायऑक्साइड, काजळी, अगदी अतिसूक्ष्म कण, आणि शे-दोनशे मीटर आत गल्लीत गेलं की भराभर उतरतात. म्हणजे आमच्या मागच्या लेनमध्ये राहणारी माझी मैत्रीण आणि मी, पिनकोड एक, वॉर्ड एक, एक्यूआय एक, पण आम्ही दोघी वेगळी हवा घेतो.

दुसरं असं की एक्यूआय ही सगळ्या घटकांची सरासरी नसते, ज्या घटकाचा उपनिर्देशांक, म्हणजे त्याचा स्वतःचा आकडा, सगळ्यात वाईट तोच दाखवतात, आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा धुळीचा म्हणजे पीएम १० (हवेतले बारीक कण) नाहीतर पीएम २.५ (त्याहून बारीक) चा असतो. त्यामुळे गाड्यांचा जो खास वायू, तो नायट्रोजन डायऑक्साइड, तो मागे राहतो, कुणाच्या डोळ्यात येत नाही. आणि या सगळ्यांची धरतात २४ तासांची सरासरी. आता संध्याकाळी सहा ते नऊ आमच्याकडे धायरी, नांदेड सिटी, खडकवासला सगळीकडची माणसं घरी परततायत, रस्ता गच्च, आणि पहाटे तीनला सगळं शांत, दोन्हीची सरासरी काढली तर आकडा बरा येणारच ना. पण मुलं क्लासवरून संध्याकाळी सातला येतात, पहाटे तीनला नाही.

लंडनमध्ये एका मुलीची केस झाली होती, एला किसी-डेब्रा, नऊ वर्षांची, दम्याने २०१३ मध्ये गेली. साउथ सर्क्युलर नावाचा तिथला सतत वाहता रस्ता आहे, त्याच्या अगदी जवळ घर. आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या कोरोनरने, म्हणजे मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, मृत्यूच्या कारणात हवेचं प्रदूषण लिहिलं, ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच झालं. मी ते वाचलं तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की ते घर रस्त्याच्या इतकं जवळ होतं. प्रश्न नुसत्या शहराच्या हवेचा नव्हता, रस्त्यावरच्या गाड्यांच्या धुराचा होता.

आमच्या बेडरूमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या चॅनेलमध्ये जे साठतं ते दोन प्रकारचं असतं. वर करडी-तांबूस धूळ, ती कोरड्या फडक्याने निघते. तिच्याखाली काळा थर असतो, तो चिकट, बोट फिरवलं की बोटाच्या रेघांत बसतो आणि नुसत्या पाण्याने जात नाही, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊनच बसावं लागतं. स्वयंपाकघर मागच्या बाजूला आहे, फोडणीचं तेल इथवर येत नाही. ही धुरातली काजळी आहे आणि टायर-ब्रेकची झीज आहे, आणि जी करडी धूळ आहे ती रस्त्याचीच, कडेची माती, ड्रेनेजसाठी खणून नुसती बुजवलेली पट्टी, कामावरून पडलेली खडी, त्यावरून चाकं जातात आणि ती परत परत हवेत उडते. पीएम १० चा मोठा वाटा याच धुळीचा असतो. पहाटे झाडू मारायला ताई येतात, त्या लांब खराट्याने कोरडी धूळ सारत पुढे जातात आणि त्यांच्याभोवती ढगच असतो, तोंडाला पदर. त्यांच्याआधी रस्त्यावर नुसतं पाणी मारलं तरी फरक पडेल, नाहीतर यंत्राने झाडा, पण त्या बायकांच्या फुप्फुसांतून रस्ता साफ करू नका.

धुळीचं हे कळलं की इलेक्ट्रिक गाड्या आल्या की सगळं सुटेल असं म्हणवत नाही. धूर जाईल, तो फार मोठा फायदा आहे, मोटरनेच वेग कमी होतो म्हणून ब्रेकची झीजही कमी होते, पण टायर झिजणार आणि धूळ उडणारच. गाड्यांची संख्या तशीच राहिली तर कडेच्या माणसाची अर्धी तक्रार तशीच राहणार.

आता आवाज. आपण धूर वेगळा आणि आवाज वेगळा असं धरून चालतो, खाती पण वेगळी, तक्रारीचे नंबर पण वेगळे, पण चौकात उभं राहून बघा, दोन्ही एकाच जागी एकाच मिनिटाला तयार होतात. सिग्नल लाल असतो, सगळ्यांची इंजिनं चालू, धूर तिथल्या तिथे साचतोय, आणि टायमरवर तीन-चार सेकंद उरले की मागून हॉर्न सुरू. पुढच्याला जायला जागा नाही हे मागच्याला दिसत असतं. मग सगळे एकदम पिकअप घेतात आणि तेव्हाच धुराचा सगळ्यात मोठा भपका येतो. दिवसभर हे असंच चालतं, दर सिग्नलला.

२००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आहेत, त्यात निवासी भागाला दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५, व्यापारी भागाला ६५ आणि ५५, आणि हॉस्पिटल, शाळा, कोर्ट यांच्या १०० मीटरच्या आत सरकारने जाहीर केलेलं शांतता क्षेत्र, तिथे ५० आणि ४०. मी मोबाईलवर अ‍ॅप घेऊन खिडकीत धरून बघते, ते काही प्रमाणित यंत्र नाही हे माहितीये, पण अंदाज येतो, संध्याकाळी सत्तरच्या पुढेच असतं, हॉर्न वाजला की नव्वदच्या आसपास उडी. आणि डेसिबलचा हिशोब आपल्या रोजच्या बेरजेसारखा नसतो, दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, म्हणजे ५५ च्या जागी ७५ म्हणजे वीसने जास्त नाही, शंभरपट. हे कळल्यावर मला पंचाहत्तर या आकड्याची भीती वाटायला लागली, आधी वाटायचं थोडासाच तर जास्त आहे.

रात्रीचं आणखी वेगळं. दिवसा जड वाहनांना शहरात बंदी असते म्हणून डंपर आणि काँक्रीटचे मिक्सर रात्री निघतात, रस्ता मोकळा म्हणून वेगात, स्पीडब्रेकरवर रिकाम्या डंपरचा फाळका आदळतो तो आवाज घरातल्या काचांत ऐकू येतो. कधी कधी एअर हॉर्न. कर्कश आणि वेगवेगळे सूर काढणारे हॉर्न मोटर वाहन नियमांत केव्हापासूनच बेकायदा आहेत. आणि बुलेटचे ते फटाके सायलेन्सर, ते पोलीस जप्त करून रोडरोलरखाली घालतात, फोटो पेपरला येतात, ते बघून मला खरंच बरं वाटतं, फक्त ते बसवून देणारी दुकानं पण बंद झाली पाहिजेत.

माझ्या बाबांना बीपी आहे आणि झोप सावध. डॉक्टरांनी त्यांना विचारलं की रात्री किती वेळा जाग येते, ते म्हणाले येत नाही फारशी. तेव्हा डॉक्टरांनी जे समजावलं ते माझ्या डोक्यातून जात नाही, की जाग आली नाही तरी शरीर ऐकत असतं, मोठा आवाज झाला की झोपेतच हृदयाचे ठोके वाढतात, बीपी चढतं, आणि सकाळी माणसाला काहीच आठवत नाही, नुसतं दमल्यासारखं वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी जी मार्गदर्शक पातळी दिली त्यात रस्त्याच्या रहदारीचा रात्रीचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवा असं म्हटलंय. आपल्या नियमातही रात्रीचा आकडा तोच, ४५. म्हणजे कागदावर आपण कुठेच कमी नाही.

आमच्या बिल्डिंगखाली भाजीवाल्या मावशी बसतात, फुटपाथच्या टोकाला, सिग्नलच्या रांगेला लागूनच. थांबलेल्या रिक्षांचे आणि टेम्पोंचे सायलेन्सर बरोबर त्यांच्या टोपल्यांच्या उंचीवर येतात. कोथिंबिरीवर त्या सारखं पाणी मारतात, मला वाटायचं ताजी दिसावी म्हणून असेल, तर म्हणाल्या, "नाही गं, धूळ बसते, पुसून पुसून टमाटे गुळगुळीत झाले बघ." आवाजाचं विचारलं तर, "सवय झाली. पण घरी जाऊन आडवी झाले तरी कानात गाड्याच चालतात." त्यांच्यापासून दहा पावलांवर ट्रॅफिक वॉर्डन उभा असतो, पोरगाच आहे, रुमाल बांधलेला, शिट्टी वाजवायला तो रुमाल सारखा खाली करावा लागतो. आणि आपल्या पुण्याच्या मुली, गाडीवर चेहरा पूर्ण स्कार्फने गुंडाळून, त्याने ऊन आणि मोठी धूळ अडते, पण पीएम २.५ कापडातून सरळ आत जातो आणि वायूंना तर काहीच अडवत नाही. हे सगळे लोक दिवसाचे आठ-दहा तास त्या हवेत असतात, आणि एसी लावून काचा वर करून बसलेल्या माणसाला बाहेरचं काही ऐकूही येत नाही, हॉर्न त्याचाच असला तरी.

यावर उपाय म्हणून आपल्याकडे पहिलं नाव निघतं ते पीयूसीचं. पीयूसी हवीच, नसली तर १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. पण त्या तपासणीत नेमकं काय बघतात ते कळलं की तिच्यावर किती भार टाकायचा ते पण कळतं. पेट्रोलच्या गाडीचं कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन, तेही गाडी जागेवर उभी असताना, आणि डिझेलच्या धुराचा काळेपणा. बारीक कण किती, नायट्रोजनचे ऑक्साइड किती, ते त्यात नसतंच. म्हणजे आमच्या चौकात जे सगळ्यात त्रासाचं आहे ते त्या कागदावर कुठेच नसतं. १ एप्रिल २०२० पासून नवीन गाड्यांच्या धुराचं कडक मानक, बीएस-सिक्स, आलं तो मात्र खरा मोठा बदल होता, नवीन डिझेल गाड्यांना कण अडवणारे फिल्टर आले, पण रस्त्यावर त्याआधीच्या गाड्या अजून भरपूर आहेत आणि टेम्पो, टँकर, डंपर यातल्या जुन्यांचं काय करायचं ते ठरवल्याशिवाय कडेची हवा फारशी बदलणार नाही.

हॉर्नचं म्हणाल तर कायदा आहेच, २०१९ च्या दुरुस्तीत विनाकारण हॉर्नला पहिल्यांदा १,००० आणि नंतर २,००० दंड आला. महाराष्ट्राने २०१५ मध्ये ट्रकच्या मागचं 'हॉर्न ओके प्लीज' लिहायलाही बंदी केली, का तर त्याने हॉर्न वाजवायला आमंत्रणच मिळतं. पण दंड करायचा तर पोलिसाने कुणाचा हॉर्न होता ते ओळखायचं कसं, शंभर गाड्यांत? मुंबई पोलिसांनी २०२० च्या सुरुवातीला जी कल्पना दाखवली ती मला अजून आवडते, सिग्नलला डेसिबल मीटर जोडला, आवाज ८५ च्या वर गेला की लाल दिव्याचा टायमर परत पहिल्यापासून. कुणाला पकडायचं नाही, पावती नाही, सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवला तर सगळ्यांनी मिळून थांबायचं. हे काही मोजक्या ठिकाणचा व्हिडिओ म्हणून राहायला नको होतं, प्रत्येक शहरात दोन-चार चौकांत कायमचं बसवून बघायला हवं होतं.

मग फ्लायओव्हर. सिंहगड रोडचं दुखणं सगळ्यांना माहितीये, एका बाजूला नदी, एका बाजूला कालवा आणि टेकडी, त्यामुळे जायला मोठा असा हा एकच रस्ता, शनिवार-रविवारी गडावर आणि खडकवासल्याला जाणारी गर्दी वेगळीच. म्हणून पूल झाले, राजाराम पुलापाशी १५ ऑगस्ट २०२४ ला पहिला सुरू झाला, १ मे २०२५ ला विठ्ठलवाडी ते फन टाइम थिएटरचा. गाड्या सुटतात, थांबणं-निघणं कमी होतं, तेवढा धूर कमी, हे मी मान्य करते, माझाही वेळ वाचतो. पण पूल बांधताना एक विचार झालेला दिसत नाही, की कडेला घरं आहेत आणि आता गाड्या दुसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या उंचीवरून जाणार आहेत. जॉइंटवरून प्रत्येक चाक गेलं की धाड-धाड, पुढचं आणि मागचं. आधी वरच्या मजल्यांवर खालचा आवाज थोडा विरून जायचा, आता तो समोरून येतो. मुंबईत काही फ्लायओव्हरना घरांच्या बाजूला साउंड बॅरियर लावलेले दिसतात, तसे इथे पुलाच्या कामातच धरायला हवेत, नंतर लोकांनी अर्ज करत फिरायचं नाही.

आणि पूल झाला की त्यावर गाड्या येतातच. २०१८ मध्येच बातमी आली होती की पुण्यात नोंद झालेल्या गाड्या ३६ लाखांच्या वर गेल्या आणि माणसं साधारण ३५ लाख. सायकलींचं शहर म्हणून ज्याचं नाव होतं त्या शहराचं हे झालं. मी यात दुचाकीवाल्यांना दोष देणार नाही, धायरीहून शिवाजीनगरला कामाला जाणाऱ्या माणसाने बसची किती वाट बघायची? पीएमपीएमएलच्या, म्हणजे आमच्या शहर बससेवेच्या, इलेक्ट्रिक बस २०१९ पासून आहेत आणि आमच्या थांब्यावर फरक इतका स्पष्ट कळतो, जुनी डिझेल बस थांब्यावरून निघाली की खिडकी थरथरते, घरात बोलणं थांबवावं लागतं, आणि ई-बस निघते तेव्हा फक्त टायरचा आवाज आणि दरवाजा मिटल्याचा. वेगात गेली तर टायरचा आवाज येतोच, पण चौकात, जिथे सगळं हळू चालतं, तिथे इंजिनच जास्त ऐकू येतं आणि तेच गेलेलं असतं. अशा बस दर पाच मिनिटांनी आल्या तर मी गाडी बाहेर काढणारच नाही, आणि माझ्यासारखे किती तरी.

गाड्या नसल्या तर रस्ता कसा वाटतो हे ज्यांना बघायचं असेल त्यांनी ११ डिसेंबरला लक्ष्मी रोडला जावं. २०२१ पासून महापालिका त्या दिवशी पादचारी दिन करते आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद ठेवते. मी आईला घेऊन गेले होते. लक्ष्मी रोडवर मी लहानपणापासून जातेय पण तिथे चपलांचा आवाज ऐकू येतो हे मला त्या दिवशी कळलं. दुकानदार दारातून न ओरडता बोलत होते. आई रस्त्याच्या मधोमध चालत होती, एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने माझा हात धरायची गरजच पडली नाही. आणि वासही, एका दुकानातून अत्तराचा, पुढे कुठून तरी तळणाचा, रोजच्या धुरात हे वास कुठे जातात कोण जाणे. एक दिवसाचं आहे ते, व्यापाऱ्यांच्या अडचणी असतील, पार्किंगचं आहे, पण दुसऱ्या दिवशी परत गेलं तर फरक छातीला जाणवतो.

तर आमच्या सोसायटीतल्या आणि समोरच्या रांगेतल्या काही जणांनी मिळून मागण्या लिहून काढल्यात, क्षेत्रीय कार्यालयाच्या मोहल्ला कमिटीत मांडायला. सगळ्यात वर हे, की चौकातच, कडेलाच, माणसाच्या नाकाच्या उंचीला नायट्रोजन डायऑक्साइड, पीएम २.५ आणि आवाज मोजणारं यंत्र बसवा आणि आकडा तासातासाचा दाखवा, २४ तासांचा नको. सिग्नलच्या खांबावर टायमर सगळ्यांना दिसतोच, त्याच्या शेजारी हा आकडा लावा. मग लाल टायमर मोठा असेल तेव्हा इंजिन बंद करा असा बोर्ड, दिल्लीत २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' म्हणून मोहीम केली होती तसं. रात्रीच्या डंपरना वेगाची मर्यादा आणि स्पीडब्रेकरची उंची नियमाप्रमाणे. कडेची माती पेव्हर घालून बंद करा. पुलाला बॅरियर. भाजीवाल्या मावशींना आणि तिथल्या बाकी विक्रेत्यांना सिग्नलच्या रांगेपासून थोडं आत, वळणाच्या पलीकडे जागा द्या, हे मावशींनीच सुचवलं, गिऱ्हाईक तुटणार नाही एवढीच त्यांची अट आहे.

यंत्राच्या मागणीवर आमच्यातच एक काका म्हणाले की आकडा कळून काय होणार, हवा तीच राहणार. मला ते पटत नाही. आज आम्ही तक्रार केली की लगेच शहराचा आकडा दाखवतात, बघा समाधानकारक आहे, आणि बोलणं तिथेच संपतं. आमच्या चौकाचा आकडा आमच्याकडे असेल तर निदान बोलणं चौकाबद्दल सुरू होईल. सातारा रोड, नगर रोड, कर्वे रोड, कुठेही रस्त्याला लागून राहत असाल आणि तुमच्या चौकासाठी असाच अर्ज करायचा असेल तर मला सांगा, आमचा मसुदा तयार आहे, नावं आणि चौक बदलून तसाच वापरता येईल.